सिम्प्लिचिओ आणि धोंडिबा

विज्ञान गंभीर असते आणि विनोद हलका असतो, अशी एक समजूत आपल्या शिक्षणव्यवस्थेने पक्की करून ठेवली आहे. त्यामुळे होते असे की, विज्ञानाचा तास म्हणजे मौनाचा तास होतो आणि विनोदाला स्नेहसंमेलनापुरते बोलावले जाते. मराठी समीक्षेनेही हीच वाटणी मान्य केली. जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी'विषयी लिहिताना आपले समीक्षक तिच्यातील सामाजिक आशयाचा गौरव करतात आणि तिच्यातील हसण्याविषयी मात्र एखाद्या घरगुती उणिवेविषयी बोलावे तसे खालच्या आवाजात बोलतात. ग्राम्य, भडक, काळाच्या मर्यादेत समजून घ्यावे असे, ही त्यांची ठरलेली विशेषणे होत. मला नेमके उलटे म्हणायचे आहे. 'गुलामगिरी'तील हसणे हाच तिच्यातील विज्ञानाचा भाग आहे. मात्र हे दाखवण्यासाठी आधी दुसऱ्या एका संवादाकडे जावे लागेल. तो जोतीरावांच्या जवळजवळ अडीचशे वर्षे आधी इटलीत लिहिला गेला.

गॅलिलिओचा 'दोन प्रमुख विश्वरचनांविषयी संवाद' हा ग्रंथ १६३२ साली फ्लॉरेन्समध्ये छापला गेला. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्याने तो लोकांच्या इटालियनमध्ये लिहिला. पृथ्वी फिरते की सूर्य, एवढ्या मोठ्या प्रश्नावर त्याने प्रबंध न लिहिता तीन माणसे बोलायला बसवली. साल्व्हियाती हा नव्या मताचा, सिम्प्लिचिओ हा अ‍ॅरिस्टॉटलचा अनुयायी आणि साग्रेदो हा व्हेनिसचा सुसंस्कृत, मोकळ्या मनाचा यजमान. साल्व्हियाती आणि साग्रेदो हे गॅलिलिओचे खरेखुरे मित्र होते व ग्रंथ निघाला तेव्हा दोघेही मृत होते. सिम्प्लिचिओ हे नाव सहाव्या शतकातील एका भाष्यकाराचे म्हणून घेतलेले, परंतु इटालियन कानाला त्यात 'भोळसट' हा शब्द ऐकू येतोच. चार दिवस हे तिघे साग्रेदोच्या वाड्यात बसून बोलतात.

यातला विनोद नुसता तोंडी लावण्यापुरता नाही. साग्रेदो एक हकीकत सांगतो. व्हेनिसमध्ये एक शरीरविच्छेदन चालू आहे. मज्जातंतू हृदयातून निघतात असे अ‍ॅरिस्टॉटलपंथीय म्हणत. शवविच्छेदक त्यांपैकी एका गृहस्थाला तंतूंचा जाड जुडगा मेंदूतून निघताना दाखवतो आणि विचारतो, आता पटले ना? गृहस्थ विचार करून उत्तर देतात की, तुम्ही इतके स्पष्ट दाखवलेत की, अ‍ॅरिस्टॉटलच्या ग्रंथात याच्या उलट लिहिलेले नसते तर मला हे मान्यच करावे लागले असते. पोथी आणि डोळा यांच्यातील भांडण याहून थोडक्यात कोणी मांडले असेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे शेकडो वर्षे हेच उत्तर देण्यात आले. फरक एवढाच की आपल्याकडे ते देणाऱ्याला कोणी हसले नाही, उलट दक्षिणा दिली.

याच्याही आधी, १६२३ च्या एका ग्रंथात गॅलिलिओने बाबिलोनच्या अंड्यांची गंमत केली आहे. प्रतिपक्षाने जुन्या ग्रंथाचा हवाला देऊन म्हटले होते की, बाबिलोनचे लोक गोफणीत अंडे गरगर फिरवून हवेच्या घर्षणाने शिजवीत. गॅलिलिओ नाकारत नाही, तो मान्य करून पुढे जातो. आपल्याजवळ अंडी आहेत, गोफणी आहेत, फिरवणारे तगडे गडीही आहेत, तरी अंडी शिजत नाहीत. मग आपल्यात उणे काय? एवढेच, की आपण बाबिलोनचे नाही. तेव्हा अंडे शिजण्याचे कारण बाबिलोनचे असणे हेच होय. ही रीत वाचकांनी ध्यानात ठेवावी. समोरच्याचे विधान संपूर्ण खरे मानायचे, ते आपल्या घरात, आपल्या चुलीपाशी आणायचे, आणि मग काय होते ते पाहायचे. पुढे जोतीरावांकडे जाताना ही रीत आपल्याला लागणार आहे.

परंतु गॅलिलिओच्या विनोदाविषयी माझी एक तक्रार आहे आणि ती सिम्प्लिचिओच्या बाजूने आहे.

मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात शिकलो. सातवीत की आठवीत असताना, पृथ्वी फिरते हा धडा चालू होता. मी उभा राहून विचारले की, पृथ्वी एवढ्या जोरात फिरती तर उडालेली घार मागं का ऱ्हात नाही? तिचं घरटं तर पुढं गेलं असंल. शिक्षक हसले. मग वर्ग हसला. शिक्षकांनी माझे 'असंल' दोनदा म्हणून दाखवले आणि धडा पुढे नेला. उत्तर त्यांनी दिले नाही. बऱ्याच वर्षांनंतर, एम.ए. झाल्यावर मी गॅलिलिओचा संवाद इंग्रजीतून वाचला, तेव्हा तो प्रश्न मला तिथे सापडला. दुसऱ्या दिवसाच्या चर्चेत हीच शंका निघते. पृथ्वी फिरत असेल तर पक्षी मागे का राहत नाहीत, मनोऱ्यावरून सोडलेला दगड पायथ्याशीच का पडतो. आणि ती शंका फेडायला गॅलिलिओला आपली सगळी बुद्धी पणाला लावावी लागते. त्यासाठीच त्याने जहाजाचा तो प्रसिद्ध प्रयोग रचला. मोठ्या जहाजाच्या बंद खोलीत माश्या आणि फुलपाखरे सोडा, भांड्यात मासा ठेवा, वरच्या बाटलीतून खालच्या अरुंद तोंडाच्या भांड्यात थेंब थेंब पाणी पडू द्या. जहाज उभे असताना काय दिसते ते पाहा. मग जहाज सारख्या वेगाने, न हेलकावता चालू द्या. काहीही बदललेले दिसणार नाही. थेंब त्याच भांड्यात पडतील आणि फुलपाखरे मागच्या भिंतीला जाऊन चिकटणार नाहीत, कारण जहाजाची गती खोलीतील हवेला, पाण्याला आणि फुलपाखरांनाही मिळालेलीच असते. (आपल्याकडे हा प्रयोग एस.टी.त करता येईल असे कोणी म्हणेल. करू नये. गती सारखी हवी.)

याचा अर्थ असा की, ग्रंथातले सर्वांत चांगले प्रश्न सिम्प्लिचिओच्या बाजूचे आहेत. त्या शंका नसत्या तर साल्व्हियातीला जहाजापर्यंत जाण्याचे कारणच पडले नसते. असे असता त्याच्या नावातच भोळसटपणा घालून ठेवणे, आणि त्याच्या शंकेपेक्षा त्याच्या बावळटपणाची अधिक आठवण राहील अशी रचना करणे, हा अन्याय आहे. हा विनोद गॅलिलिओला महागातही पडला. ईश्वर सर्वशक्तिमान असल्यामुळे तो कोणतीही घटना कशाही रीतीने घडवू शकतो, म्हणून निश्चित काही सांगता येत नाही, हा पोप आठवा अर्बन याचा आवडता युक्तिवाद. तो गॅलिलिओने ग्रंथाच्या शेवटी सिम्प्लिचिओच्याच तोंडी घातला. १६३३ साली त्याच्यावर खटला झाला, २२ जून रोजी गुडघे टेकून त्याला आपले मत सोडावे लागले आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत तो नजरकैदेत राहिला. पोपला हसल्याबद्दल मला गॅलिलिओचा आदरच वाटतो. माझा आक्षेप आहे तो पोप आणि शंका विचारणारा साधा माणूस या दोघांना त्याने एकाच टोपीखाली बसवले याला.

आणखी एक माणूस या ग्रंथात आहे, त्याच्याकडे माझ्या माहितीतील कोणी लक्ष दिलेले नाही. तिसऱ्या दिवशी सिम्प्लिचिओ उशिरा येतो. ओहोटी लागल्याने त्याची होडी कालव्यात रुतून बसली होती. ही होडी वल्हवणारा कोणी तरी असणारच. तो दारापर्यंत येतो आणि परत जातो. चौथ्या दिवशी तिघे भरती-ओहोटीवर बोलतात आणि तिथे साल्व्हियाती जे सांगतो ते साफ चुकलेले आहे. पृथ्वीच्या दुहेरी गतीमुळे समुद्राचे पाणी डचमळते आणि तीच पृथ्वीच्या गतीची खूण, असे गॅलिलिओचे म्हणणे. या हिशेबाने दिवसातून एकच भरती यायला हवी. प्रत्यक्षात दोन येतात. ती अडचण त्याने समुद्राची खोली, लांबी अशी दुय्यम कारणे पुढे करून झाकली. केप्लर चंद्राचे नाव घेत होता, त्याचे गॅलिलिओला नवल वाटले की, एवढा शहाणा माणूस असल्या गूढ कल्पनेला कसा भुलला. आता, व्हेनिसच्या नावाड्याला पृथ्वीच्या गतीविषयी काही सांगता आले नसते हे खरे. परंतु दिवसातून पाणी किती वेळा चढते आणि चंद्राच्या कोणत्या तिथीला अधिक चढते, हे त्याला वाड्यातल्या तिघांपेक्षा जास्त ठाऊक असणार. त्याचे पोट त्यावर होते. त्याला कोणी आत बोलावले नाही. गॅलिलिओला न्याय देण्यासाठी हेही सांगितले पाहिजे की, १६३८ च्या त्याच्या पुढच्या ग्रंथात हेच तिघे व्हेनिसच्या जहाजबांधणीच्या कारखान्याची आठवण काढतात आणि तिथल्या कारागिरांशी बोलून किती शिकायला मिळते हे मान्य करतात. मान्य करतात, परंतु कारागिराला बोलावत नाहीत. संवाद तिघांचाच राहतो.

जोतीरावांनी नेमका हा नावाडी आत घेतला, असे माझे म्हणणे आहे.

त्याची सुरुवात 'गुलामगिरी'च्या बरीच आधी झाली. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. छापून यायला १९७९ साल उजाडावे लागले. त्यातला प्रश्नही आकाशाचाच आहे. गरोदर कुणबिणीच्या दारात जोशी येतो आणि तिच्या पोटातल्या मुलावर ग्रह कोपले आहेत असे सांगून तिला भीती घालतो. शनी, राहू, मंगळ, म्हणजे ज्यांच्या गतीविषयी गॅलिलिओचे तिघे चार दिवस बोलले तेच आकाश येथे एका गरिबाच्या घरातले पैसे काढण्याचे साधन झाले आहे. आणि या सगळ्यावर बोलायला जोतीरावांनी विदूषक उभा केला आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाच्या सोबतीला असतो आणि खाण्यापिण्याचे विनोद करतो. हा विदूषक जोशाच्या प्रत्येक वाक्यामागे उभा राहून त्याचा अर्थ प्रेक्षकांना उघडून सांगतो. शेवटी कुणबी नवराबायको रात्रीच्या शाळेत जायला निघतात. पुढे सत्यशोधकी जलशांनी आणि भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने हीच वाट रुंद केली. सोंगाड्याचा प्रश्न आणि त्यावरचे लोकांचे हसणे यांतून शहाणपण घराघरांत गेले.

'गुलामगिरी' १८७३ ची. सोळा भाग, जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवाद. पहिल्या भागात ब्रह्मदेवाच्या मुखापासून ब्राह्मण, बाहूंपासून क्षत्रिय, मांड्यांपासून वैश्य आणि पायांपासून शूद्र झाले, या मताची परीक्षा आहे. ही परीक्षा जोतीराव तत्त्वज्ञानाने करीत नाहीत. ते विधान मान्य करतात आणि घरी आणतात. मुखातून मूल झाले तर मुखात गर्भाशय असले पाहिजे. गर्भ नऊ महिने तिथे कसा वाढला? जन्मल्यावर बाळाला अंगावरचे दूध मिळाले की वरचे? चार ठिकाणी योनी होत्या तर विटाळही चार ठिकाणचा. चारचौक सोळा दिवस ब्रह्मदेव बाजूला बसत असेल, तर त्या दिवसांत त्याच्या घरचे काम कोण करीत होते? आणि मनूने सगळ्यांचे मूळ सांगितले म्हणता, तर त्यात इंग्रजांचे मूळ कुठे आहे? पुढच्या भागात मत्स्यावताराची पाळी येते. मासा आणि माणूस यांचे खाणे, झोपणे, जन्मणे यांत किती अंतर आहे हे मांडून, मासा अंडे पाण्यात टाकतो आणि बाई मूल पोटात वाढवते एवढ्या साध्या गोष्टीवर अख्खा अवतार उभा राहत नाही हे दाखवले जाते.

हीच ती बाबिलोनच्या अंड्याची रीत. फरक आहे तो प्रश्न कोणाच्या अनुभवातून येतो यात. माझी आजी सुईण होती. वरच्या आळीतली बाळंतपणे तिने केली. मूल हातात घेईपर्यंत तिचा स्पर्श चालत असे. नाळ कापून झाली की ती बसली त्या जागेवर गोमूत्र शिंपडले जाई. गर्भ कुठे राहतो, किती महिने राहतो, दूध कधी येते, ही 'गुलामगिरी'च्या पहिल्या भागातली सगळी शंका सुईणीची शंका आहे. तिला पोथीची गरज नाही. ज्या ज्ञानाला आपल्या समाजाने विटाळ म्हणून घराबाहेर ठेवले त्याच ज्ञानाने जोतीरावांनी पुरुषसूक्ताला प्रश्न विचारला. म्हणून तो 'ग्राम्य' आहे. जीवशास्त्र योनी, गर्भ आणि दूध यांविषयी बोलल्यावाचून होतच नाही. आणि ते आपल्या मायबोलीत बोलले की समीक्षकांना अश्लील वाटते, लॅटिन नावांनी बोलले की शास्त्र वाटते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीरावांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली. तेही हसणेच होते, परंतु माझे 'असंल' म्हणून दाखवणाऱ्या हसण्याच्या जातीचे. त्याने मुद्द्याला हात लावला नाही. गर्भ मुखात कसा राहिला, हा प्रश्न 'निबंधमाले'च्या व्याकरणानंतरही जिथल्या तिथेच राहिला.

या ग्रंथातील मला सर्वांत आवडणारी जागा म्हणजे परशुरामाला लिहिलेले पत्र. परशुराम चिरंजीव आहे म्हणतात. मग जोतीराव त्याला रीतसर पत्र लिहितात आणि सहा महिन्यांच्या आत हजर होण्यास फर्मावतात. न आल्यास काय समजले जाईल हेही त्यात आहे. वाचताना हसू आवरत नाही. परंतु थोडे थांबून पाहिले तर लक्षात येते की, हे पत्र म्हणजे प्रयोगाची मांडणी आहे. विधान काय, ते खरे असल्यास काय घडले पाहिजे, किती मुदतीत, आणि न घडल्यास निष्कर्ष कोणता, सगळे आधी जाहीर केलेले. पुढील शतकात तत्त्वज्ञांनी विज्ञानाची जी कसोटी सांगितली, म्हणजे खोटे ठरण्याची तयारी ज्यात आहे तेच वैज्ञानिक विधान, ती येथे एका सरकारी नोटिशीच्या थाटात आली आहे.

तरीही 'गुलामगिरी' सर्वत्र या पातळीवर राहत नाही, हे आपणच सांगितले पाहिजे. दुसऱ्यांनी सांगण्याची वाट पाहू नये. जोतीराव जिथे शरीराकडून शब्दाकडे वळतात, तिथे त्यांची परीक्षा सैल होते. 'महाअरी'वरून 'महार', 'क्षेत्र'वरून 'क्षत्रिय' अशा व्युत्पत्तींवर ते इतिहास उभारतात आणि अवतारांच्या मागे इराणातून आलेल्या आर्यांच्या टोळ्या पाहतात. येथे विधान घरी आणून तपासले जात नाही. धोंडिबाही या भागांत पुष्कळदा नुसता हुंकार देतो. ज्या धोंडिबाने आधी इतक्या शंका काढल्या त्याने येथे एखादी तरी काढायला हवी होती. ती शंका पुढे बाबासाहेबांनी काढली. १९४६ साली 'हू वेअर द शूद्राज?' हा ग्रंथ त्यांनी जोतीरावांनाच अर्पण केला आणि त्याच ग्रंथात आर्य हा बाहेरून आलेला वंश होता हे मत पुरावे तपासून नाकारले. अर्पणपत्रिका आणि असहमती एकाच बांधणीत असू शकतात. जोतीरावांच्या प्रत्येक वाक्याला कवटाळून बसणाऱ्या आपल्यातल्या काही मित्रांना हे रुचत नाही, परंतु संवाद चालू ठेवणे म्हणजे हेच.

आता आजच्याविषयी थोडेसे. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना हरकत घेतली नाही. म्हणजे 'तृतीय रत्ना'तला जोशी दारातून उठून विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसला. त्याला उत्तर देणारा प्रयोग डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या पुण्यातील सहकाऱ्यांनी केला. त्यांत नरेंद्र दाभोलकरही होते, ज्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. हुशार विद्यार्थी शंभर आणि विशेष शाळांतील विद्यार्थी शंभर, अशा दोनशे कुंडल्या जमवल्या. सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या देऊन विचारले की, यांतली हुशार मुले कोणती ते सांगा. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सरासरी उत्तरे बरोबर आली शेकडा सेहेचाळीस. नाणे उडवून उत्तर दिले असते तर पन्नास आली असती. फरक किरकोळ आहे, नाणे ज्योतिषांहून श्रेष्ठ असे त्यातून सिद्ध होत नाही. दोघांची विद्या सारखीच, एवढेच सिद्ध होते. परशुरामाच्या नोटिशीनंतर मराठी मुलखात झालेला हा मला सर्वांत हसवणारा प्रयोग वाटतो.

परंतु आपल्या चळवळीतल्या प्रबोधनाच्या कार्यक्रमांत मी वेगळेच हसणे पाहतो. व्याख्याता मंचावरून लिंबू-मिरची बांधणाऱ्या बाईची, अंगात येणाऱ्या म्हातारीची नक्कल करतो. सभागृह हसते. त्या सभागृहात त्या म्हातारीची नातवंडे बसलेली असतात. कुंडली पाहून मुलीचे लग्न ठरवणारा अभियंता, यान सोडण्याआधी देवळात जाणारा शास्त्रज्ञ यांची नक्कल मी क्वचितच पाहिली. सिम्प्लिचिओच्या नावाचा विनोद असाच चालू राहतो आणि आपण त्याला विज्ञाननिष्ठा म्हणतो.

माझे सध्याचे महाविद्यालय कोकणात, खाडीच्या काठी आहे. गेल्या वर्षी बी.ए.च्या मुलांनी गॅलिलिओच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा थोडा भाग मराठीत आणून करून दाखवला आणि त्यांनी स्वतःहून होडीवाल्याला चौथे पात्र केले. ते काम एका कोळ्याच्या मुलीने केले. साल्व्हियाती आपला सिद्धांत सांगत असताना ती मधेच म्हणाली, "सायेब, पानी तर दोनदा चढतं." मुले हसली, या वेळी साल्व्हियातीला. दुसऱ्या दिवशी आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी कलाशाखेच्या वर्गात येऊन फळ्यावर आकृती काढली. चंद्राच्या बाजूच्या पाण्यावर त्याची ओढ पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त, म्हणून तिथे पाणी फुगते. पलीकडच्या बाजूला ती मध्यापेक्षा कमी, म्हणून तिथेही फुगते. पृथ्वी फिरता फिरता दोन्ही फुगवट्यांखालून जाते, म्हणून दोन भरत्या. मुलगी म्हणाली, मग अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग का? प्राध्यापकांनी फळा पुसला आणि आकृतीत सूर्य काढला.